शिडांची गाणी आणि दशम्यांचा डबा

अमेरिकेतल्या फ्रीमाँटच्या गुरुनाथकाकांच्या मुलीचं, सुमेधाचं लग्न झालं, ते साल २००१. माझी खरी गोष्ट त्या वर्षीची. मित्रांनो, मी एक जुना टेप आहे, काकांच्या करड्या गाडीत स्टिअरिंगच्या शेजारी बसवलेला. माझी बटणं झिजून गुळगुळीत झाली आहेत.

गाडी घेतली त्याच दिवशी काकांनी माझ्यात एक कॅसेट घातली. ते तरुणपणी अमेरिकेत आले तेव्हा रेडिओवर लागणारी गाणी त्यांनी स्वतः तिच्यात भरून घेतली होती. त्यांत समुद्र, वारा, शिडाच्या बोटी. वाद्यं इतकी घोटून वाजवलेली, की कुठे ओरखडा लागत नसे. काका म्हणत, या देशात सगळे भरभर बोलायचे, ही गाणी तेवढी सावकाश बोलायची.

रोज सकाळी काका देवदत्त आणि नंदू या दोन तरुणांना गाडीत घेत. तिघांची ऑफिसं पुलापलीकडे होती, आणि कारपूलच्या लेनमध्ये एकट्याला जाता येत नाही. नंदू नागपूरचा, तोंडाने फटकळ. तो रोज माझी टर उडवी.

"काका, ही बोटवाल्या श्रीमंतांची गाणी. आपण हप्त्यांवर कार घेणारे. दुसरं काही लावा ना यार."

"अरे, बोटीत बसलेला माणूस असं गातो का?" काका म्हणाले. "नीट ऐक. हा धक्क्यावर राहिलाय. फक्त रडून दाखवत नाही."

त्या उन्हाळ्यात काकांची नोकरी गेली. ते मला कळलं, कारण दोघांना उतरवल्यावर गाडी ऑफिसकडे वळली नाही. ती खाडीच्या काठी एका पार्किंगमध्ये जाऊन उभी राहिली. सुमेधाचं लग्न नोव्हेंबरात होतं. व्याह्यांच्या कानावर जाऊ नये, शोभनाकाकूंनी धसका घेऊ नये, म्हणून काका कोणाला काही बोलले नाहीत. लग्नापर्यंत निभावून न्यायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. दिवसभर ते इंजिन बंद करून मला ऐकत बसत. समोरून खऱ्या शिडाच्या बोटी जात. इतकं मला कधी कोणी ऐकलं नव्हतं, पण मला त्याचा आनंद झाला नाही.

लग्न तोंडावर आलं असताना, माझ्या वाजण्याने एक दिवस गाडीची बॅटरी उतरली. संध्याकाळी गाडी चालू होईना. शेवटी काकांनी देवदत्तला फोन केला. तो आणि नंदू एका मित्राची गाडी व जंपर केबल घेऊन आले. खाडी, रिकामं पार्किंग आणि मागच्या सीटवरचा इस्त्रीचा कोट दोघांनीही बघितला. मग काकांनीच सगळं सांगितलं. काकूंना कळू देऊ नका, म्हणाले.

बॅटरी जरा चढेपर्यंत तिघे गाडीत बसले. काहीतरी बोलायचं म्हणून नंदूने काकांचा डबा उघडला. त्यात दोन दशम्या उरल्या होत्या.

"काकू रोज हेच देतात?"

"हल्ली हेच. दशम्या, धपाटे, कोरडी चटणी. आधी आमटी-भात असायचा."

"मग आमटी का बंद केली? ऑफिसात मायक्रोवेव्ह तर..." नंदू मध्येच थांबला.

काका डब्याकडे बघत राहिले. गरम करावं लागेल असं काहीच काकूंनी कित्येक दिवसांत दिलं नव्हतं.

"तिला ठाऊक आहे," काका म्हणाले, आणि त्यांनी मला बंद केलं.

दुसऱ्या दिवशीही काका नेहमीच्या वेळी निघाले, आणि डब्यात दशम्याच होत्या. लग्न नीट पार पडलं. घरात तो विषय कधी निघाला का, मला माहीत नाही. मी गाडीतला. नंदूने मात्र माझी टर पुन्हा उडवली नाही.

काकांना तशी नोकरी पुन्हा मिळाली नाही. त्यांनी हार्डवेअरच्या दुकानात काम धरलं; तिथे दिवसभर उभं राहून त्यांचे पाय सुजत. पुढे ही गाडी गॅरेजमध्येच राहू लागली. काही वर्षांनी नंदू भेटायला आला. तरुण मुलं आता या गाण्यांना यॉट रॉक, म्हणजे श्रीमंतांच्या बोटींवरची गाणी म्हणतात, असं त्याने सांगितलं. ती कॅप्टनच्या टोप्या घालून पार्टीत ही गाणी लावतात, आधी हसतात आणि मग सगळी मिळून म्हणतात.

"हसू दे," काका म्हणाले. "त्यांचं अजून काही गेलेलं नाही."

आता माझा रबरी पट्टा सैल झाला आहे. गाणी ओढल्यासारखी वाजतात. ज्या काकूंना ती कधी आवडली नाहीत, त्या अधूनमधून गॅरेजमध्ये येऊन शेजारच्या सीटवर बसतात आणि माझं बटण दाबतात. ड्रायव्हरची सीट रिकामी असते.

मित्रांनो, जुन्या यंत्राची धूळ पुसत जा, त्याला कधी कधी चालवत जा. आणि घरातलं कोणी तीच ती गाणी ऐकत एकटं बसलं, तर हसू नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा.

गुरुनाथकाका फ्रीमाँटच्या राहत्या घरी ९ फेब्रुवारी २००८ रोजी, शनिवारी सकाळी वारले.