न विचारण्याची अट

आमच्या धाकट्या जावेला घरात सगळे ‘बिनतारी’ म्हणतात. नाव माझ्या दिरानं, म्हणजे तिच्या नवऱ्यानंच ठेवलंय. शेजारच्या इमारतीत कुणी शिंकलं तर गोळी कुठली घेतली ते हिला आधी कळतं. त्यात काम चष्म्याच्या दुकानात, म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. गिऱ्हाईक समोर बसलं की नाकावर फ्रेम टेकवायची, कानामागे काडी वाकवायची आणि तेवढ्यात त्याच्या सात पिढ्या खणून काढायच्या. नाक-कान ओळखण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. एका पोराचा डावा कान किंचित वर आहे एवढं बघून तिनं सांगितलं होतं, “तुझे आजोबा येऊन गेले हो माझ्याकडे.” आणि ते खरं होतं.

एकदा तिच्यासमोर एक डॉक्टरीणबाई येऊन बसल्या. वाचायचा चष्मा घरी नेईपर्यंत त्यांनी आपल्या कामाची सगळी रडगाणी हिला सांगून टाकली होती. ज्यांना मूल होत नाही अशा बायकांना दुसऱ्या बाईचं स्त्रीबीज लागतं, पण देणारी मिळणं कठीण. वय तरुण हवं, पदरात स्वतःचं एक मूल हवं, तब्येत ठणठणीत हवी, घराण्यात आजार नको, नवऱ्याची संमती हवी. आणि एवढं करून द्यायचं ते जन्मात एकदाच.

“मग मी बसते की यात!” ही म्हणाली. चपलेचं माप जुळावं तशी.

घरी तिनं हे सांगितलं तेव्हा दीर जेवता जेवता थांबला. “तू ठरवलंस ना? मग सही कुठं करायची तेवढं सांग.” सासूबाईंनी फार प्रश्न केले नाहीत. “टोचतात का गं त्यात?” एवढंच विचारलं. टोचतात म्हटल्यावर हिच्या ताटात आणखी वाढलं.

मी मात्र एकटी असताना तिला खोदून विचारलं. ती म्हणाली, “ताई, लेक होत नव्हती तेव्हा समोरून बाबागाडी आली की मी रस्ता बदलायचे. आता माझ्याकडे आहे आणि कुणीतरी अजून रस्ता बदलतेय.”



तपासण्या सगळ्या उत्तम निघाल्या. शेवटी समुपदेशक बाईंची भेट होती. त्या मला बाहेर बसा म्हणाल्या, तर हीच म्हणाली, “राहू द्या हो. नाहीतर घरी जाऊन सगळं परत सांगावं लागेल.”

बाईंनी शांतपणे विचारलं, “समजा, पुढे कधी दुकानात एखादं मूल आलं. नाक तुमच्यासारखं, कानही तसेच. काय कराल?”

“विचारीन की! नाव काय, राहतोस कुठं, कितवीत आहेस...”

“आणि त्याच्या आईला?”

“आईला विचारीन, हा कोणावर गेलाय?”

मी डोळे मिटून घेतले. बाईंनी पेन खाली ठेवलं. “देणारीनं घेणारीचा शोध घ्यायचा नाही. बाकीच्या सगळ्या अटी तुम्ही पाळताय, पण ही सगळ्यात मोठी. खरं बोललात ते आवडलं मला. पण आज मी होकार देऊ शकत नाही. विचार करा, पुढच्या आठवड्यात या.”

बाहेर आल्यावर मी म्हटलं, “अगं, एक दिवस खोटं बोलली असतीस तर?”

“खोटं बोलून द्यायचं?” ती फणकारली. “ते देणं नव्हे, ताई. ते माल खपवणं.”

मग घरात अभूतपूर्व प्रकार सुरू झाला. समोरच्यांकडे नवी कपाटं आली, ही खिडकीपाशी गेली नाही. नणंदेचा फोन आला, ‘कशी आहेस’ म्हणून हिनं फोन सासूबाईंना दिला. सासूबाई हादरल्या. “हिचं अंग गरम आहे का बघ गं!” दीर म्हणाला, “काही नाही आई, यंत्र दुरुस्तीला टाकलंय.” ही हसली, पण मला दिसत होतं, तिचा जीव कासावीस होत होता. माझी आपली मितभाषी म्हणून ख्याती. पण मला मुळात विचारावंसंच वाटत नाही फारसं. भूकच नसलेल्याच्या उपाशी राहण्याला काय किंमत?

त्याच आठवड्यात माझ्या चष्म्याचा स्क्रू ढिला झाला म्हणून दुकानात गेले. तिच्यासमोर एक लहान मुलगी आणि तिची आई होती. आईचं नाक सरळ, सुरीसारखं. मुलीचं बसकं, गोड, आणि डोक्यावर कुरळ्या केसांचं जंगल. दोघींत एक रेघ सारखी नव्हती. बिनतारीनं फ्रेम बसवली. मुलीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, परत मुलीकडे. ती नजर मी ओळखते. त्या आईनंही ओळखली असावी. तिनं पर्स छातीशी धरली, हनुवटी वर केली. उत्तर तिच्या ओठांवर तयार होतं, प्रश्न तेवढा यायचा बाकी होता.

बिनतारीचं तोंड उघडलं.

“कानामागे दुखतंय का गं?”

“नाही.”

“मान हलव. जोरात! अजून! घसरला? नाही ना? पळ मग. आता तुला मुंगीच्या मिशासुद्धा दिसतील.”

मुलगी खिदळली. आईनं पर्स काउंटरवर ठेवली, खुर्ची ओढून नीट बसली आणि आपणहून बोलायला लागली. पोरगी किती हट्टी, रात्री गोष्टीशिवाय झोपत कशी नाही. बराच वेळ. जाताना दोघींनी हात हलवला.

बिनतारी फडकं हातात घेऊन तशीच उभी राहिली. “ताई, बघितलंस? ती तयारीत आली होती. माझ्यासारखीला तोंड द्यायच्या तयारीत.” मग काउंटर पुसत म्हणाली, “पोरगी कुणाची असेल कोण जाणे. तिचीच असेल. पण मी किती जणींना असं बसवलं असेल गं, पर्स धरून?”

पुढच्या भेटीत बाईंनी तोच प्रश्न विचारला.

“चष्मा बसवीन,” ही म्हणाली.

“आणि?”

“घसरत नाही ना, बघीन.”

“ओळखलंत तर?”

“ओळखीन बहुतेक. नाक कळतं मला, त्याला इलाज नाही. रात्रभर झोप यायची नाही. पण ती माझी झोप. त्याच्या आईची कशाला घालवू?”

बाईंनी पेन उचललं. मग त्यांनी होकार लिहिला.

बाहेर पडलो तर आमच्या बाजूची लिफ्ट बंद. शिपाई म्हणाला, पलीकडच्या दालनातून जिन्यानं जा. पलीकडे म्हणजे जिथं घेणाऱ्या बायका बसतात तिथं. एरवी दोन्ही बाजूंची गाठ पडू देत नाहीत. ती दारातच थबकली. दुसऱ्यांना चष्मे बसवणारीचा स्वतःचा चष्मा बाटलीच्या बुडासारखा जाड आहे, हे सांगायचं राहिलंच. तिनं तो काढला आणि माझ्या हातात दिला.

“धर मला. खुर्च्यांवर आपटवू नकोस.”

आम्ही निघालो. मध्येच कुणाच्या तरी पायाला तिचा पाय लागला. “सॉरी हं,” ती म्हणाली.

“असू द्या. सांभाळून जा,” एका बाईचा आवाज आला.

बिनतारी त्या आवाजाच्या दिशेनं हसली, जरा जास्तच डावीकडे, भिंतीकडे बघून. ती बाईही हसली. मग आम्ही जिन्यापाशी पोचलो.