रविवारचा नांगर

सव्वाआठ वाजले तरी नांगर निघेना. खाली खाडीच्या तळाशी कुठल्यातरी कपारीत तो पक्का अडकला होता. कवळीवाल्यानं दोन्ही हातांनी दोर ओढला, तशी कयाक, ती एकट्यापुरती अरुंद होडी, एका बाजूला कलली आणि गार पाणी थेट मांडीवर आलं.

चूक त्याचीच होती. कयाकचा नांगर शेपटाकडून सोडायचा, हे शेंबडं पोरही सांगेल. बाजूला बांधला तर ओढ लागली की ती उलटू बघते. पण मागे वळायचं म्हणजे कंबर धरते, म्हणून यानं दोर हाताशी असलेल्या बाजूच्या कडीत अडकवला होता, तोही दुहेरी गाठ मारून. आता ती गाठ अशी आवळली होती की नखांना दाद देत नव्हती.

छातीवरच्या खिशात सुरी होती. असल्याच वेळेसाठी ती ठेवायची असते. दोर कापला की सुटका.

आठवड्याचे सहा दिवस तो कवळ्या बनवायचा. "जगाला दात देतोस, आणि तुला दोन घास बसून खायला सवड नाही," असं ताई म्हणायची, आणि त्यात काही खोटं नव्हतं. उरलेला सगळा वेळ बाबांचा. अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू गेली, त्याला चार वर्षं झाली. पुसणं, भरवणं, दर दोन तासांनी कूस बदलणं. एकटं ठेवलं तर ते उठायला जात आणि पडत. फक्त रविवारी सकाळी सहा ते नऊ ताई यायची. दहाला तिला इस्पितळाच्या धुलाईखान्यात हजर व्हावं लागे. गेल्या महिन्यात याला दोनदा उशीर झाला, तेव्हा तिनं सरळच सांगितलं होतं, "आता एकदा जरी उशीर झाला ना, तर मी यायची नाही. मलाही नोकरी आहे."

म्हणजे दोर कापायलाच हवा होता. त्यानं सुरी काढलीही. मग परत खिशात ठेवली आणि फोन लावला.

"ताई, नांगर अडकलाय."

"मग सोडव की."

"तेच करतोय."

तो काहीच करत नव्हता. त्यानं गळाला आमिष लावलं आणि तो पाण्यात सोडला. बोटभर मासा लागला, तो परत पाण्यात टाकला. चार वर्षांत पहिल्यांदाच, कुणी कितीही बोलावलं तरी त्याला जाता येणार नव्हतं. फार बरं वाटलं त्याला. लाज वाटावी इतकं बरं वाटलं.

साडेनऊला भरतीचं पाणी फिरलं, ओढ उलटी लागली आणि नांगर आपसूक सुटला. तो वर घेताना मात्र कवळीवाल्याला रडू आलं.

घरी पोचेपर्यंत सव्वादहा झाले. ताई पर्स खांद्याला लावून दारातच उभी होती. ओरडली नाही.

"लागलं नाही ना कुठं?"

"नाही."

"बाबा, नांगर अडकला होता त्याचा," ती आत वळून म्हणाली. "काय करणार बिचारा."

बाबांनी तीस वर्षं उतारूंची बोट चालवली होती. पलंगावरून त्यांनी लेकाकडे पाहिलं. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागायचा.

"सु... सुरी?"

"काय हवंय बाबा?" ताईनं विचारलं.

बाबांनी मान हलवली. काही नाही.

ताईनं चपला घातल्या. "मी बोलले होते तुला. पुढच्या रविवारपासून मला नाही जमायचं. राग नाही माझा, पण नाही जमायचं."

"बरं," तो म्हणाला.

ती गेल्यावर त्यानं गरम पाणी आणलं, बाबांचा सदरा काढला आणि फडकं पिळून पाठ पुसायला लागला. न सांगता राहवेना.

"बाबा, दोर कापता आला असता मला."

"माहीत... आहे."

फडकं दोनदा पिळून झालं. बाबा भिंतीकडे बघत बोलले, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखे.

"मीपण... नसता... कापला."

त्यानं पाठ कोरडी केली, सदरा चढवला आणि बाबांना डाव्या कुशीवर वळवलं. त्याची वेळ झालीच होती.