दांडी मधे येते का बघ

“आजोबा, विकत घ्यायची आहे की मोडायची आहे?” दुकानदाराने शेवटी न राहवून विचारलं.

 बाबांनी काउंटरवरची जॉयस्टिक पुन्हा पूर्ण पुढे ढकलली आणि एकदम सोडून दिली. ती मधे आली, पण जरा पलीकडे गेली, परत फिरली आणि मग कुठे उभी राहिली.

“ही नको,” ते मला म्हणाले. “ही घुटमळते.”

बाबा म्हणजे माझे सासरे. जॉयस्टिक मात्र माझ्यासाठी घ्यायची होती. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांच्या नाकावर भिंगं चढवायची आणि ‘आता नीट दिसतंय की मघाशी दिसत होतं?’ असं विचारत राहायचं. संध्याकाळी घरी आले की मी संगणकावरच्या खेळात अंतराळातलं मालवाहू यान चालवते. कुणाला मालिका लागतात, मला हे लागतं. नवरा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, “हिला साधी सायकल येत नाही, पण यान चालवते.” सांगू दे. तो निम्मा महिना कामासाठी बाहेरगावी असतो, त्याचं काय जातंय बोलायला?

तर माझी जुनी जॉयस्टिक बिघडली होती. हात लावला नाही तरी यान आपलं डावीकडे निघायचं. अंतराळ स्टेशनच्या दारातून आत शिरताना कडेला घासून घासून मी पार मेटाकुटीला आले होते. नवीन घ्यायला निघाले तेव्हा बाबा चपला घालून दारात उभे. “मीही येतो,” म्हणाले. बाबांनी आयुष्याची बरीच वर्षं क्रेन चालवली होती. मला वाटलं, बरंच झालं, दांड्यांमधलं त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

दुकानदाराने दुसरी काढली. तिच्यावर इतकी बटणं होती की बोटं कमी पडावीत. “ही बघा, हिला रंगीत लाइट आहेत.”

“लाइट कशाला? अंधारात हरवते का ती?” बाबा म्हणाले.

मी मधे पडले. मला काय हवंय ते सांगितलं. मूठ पिळली की यानाचं नाक वळलं पाहिजे, म्हणजे पायाशी वेगळे पेडल नकोत. बूड जड हवं, नाहीतर घाईत अख्खी वस्तू टेबलावरून उचलली जाते. मुख्य बटण अंगठ्याखाली हवं. दुकानदार मान डोलवत एकेक खोका उघडत होता. बाबांना यातल्या कशातच रस नव्हता. ते प्रत्येक दांडी पुढे ढकलायचे, सोडायचे आणि बघायचे.

“सोडल्यावर मधे येते का, तेवढं बघ पोरी. बाकी सगळा शोभेचा पसारा.”

शेवटी एक साधी काळी निघाली. बाबांनी ती चारही बाजूंनी ढकलून सोडली. दरवेळी ती निमूट मधे येऊन थांबली. त्यांनी पुन्हा पुन्हा करून पाहिलं. दुकानदार हसला. “लोक जावईसुद्धा इतका पारखून घेत नाहीत हो.”

“जावयाला दोन शब्द सांगून सुधारता येतं,” बाबा म्हणाले. पण ते हसत नव्हते.

घरी आलो तर आई, म्हणजे सासूबाई, दारातच. खोक्यावरचं चित्र बघून त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं.

“तुला खेळायचं तेवढं खेळ. ती दांडी यांच्या हातात देऊ नकोस. तुला माहीत नाही का?”

माहीत होतं. आमच्या घरात ते सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. बाबा क्रेनवर असताना खाली उभं राहून त्यांना खुणा करणारा एक माणूस होता. अंगाने काडी, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत. उंच मात्र ताडमाड. क्रेनच्या केबिनमधून भाऱ्याखालचं नीट दिसत नाही, आवाज तर काहीच ऐकू येत नाही. पैलवान हात हलवेल तसं बाबांनी करायचं. वर, खाली, सावकाश. आणि त्याने मूठ वर धरली की थांबायचं. दोघांची जोडी अशी की पैलवानाने नुसती भुवई उचलली तरी बाबांना कळायचं म्हणे. एकदा लोखंडी पाइपांचा भारा खाली घेताना पैलवानाने मूठ वर धरली. भारा थांबला नाही.

चौकशी झाली. दांडा मधे आला की भारा थांबतो, पण त्याला मधे आणणारी स्प्रिंग ढिली निघाली. दांडा सोडला तरी तो मधे आला नसणार, असं मोठमोठ्या लोकांनी लिहून दिलं. बाबांवर ठपका आला नाही. पैलवानाच्या बायकोनेही सांगितलं, “भाऊजी, मशीनने घात केला. तुमचा काय दोष?” पण बाबा पुन्हा केबिनमध्ये चढले नाहीत. निवृत्त होईपर्यंत गोदामात सामान मोजत बसले. आणि आजही दर आठवड्याला ते या वहिनींकडे जातात. नळ गळतो, दिवा जातो, दाराची बिजागरी कुरकुरते, काही ना काही निघतंच. नाही निघालं तर बाबा काढतात.

“दुपारी झोपले की काय होतं ते बघतेस ना?” आई म्हणाल्या.

बघत होते. झोपेत त्यांचा उजवा हात पलंगाच्या कडेवर चालत असतो. हलकेच पुढे, हलकेच मागे. मग ते दचकून उठतात आणि खिडकीकडे बघून म्हणतात, “थांबलो रे, थांबलो.” लग्न होऊन आले तेव्हा पहिल्यांदा हे ऐकलं आणि मी बावळटासारखी खिडकीबाहेर डोकावून आले, कोण उभं आहे ते बघायला. कुणी नव्हतं. तेव्हापासून त्या खिडकीपाशी एकटीने उभं राहायला मला आवडत नाही. भित्री म्हणा हवं तर.

टेबलही नेमकं त्याच खिडकीशी आहे. मी जॉयस्टिक टेबलाच्या कडेला शिकंज्याने आवळली. कोपर खुर्चीच्या हातावर टेकलं पाहिजे, खांदा उचलला जाता कामा नये, नाहीतर तासाभरात मान धरते. दोनदा खालीवर करून उंची जमवली. वायर जोडली. मग संगणकाच्या पडद्यावर तिच्या तपासणीचं पान उघडलं. एक चौकोन, मधोमध फुली आणि त्या फुलीवर लाल ठिपका. दांडी गोल फिरवली की ठिपका चौकोनाच्या कडेकडेने फिरतो. सोडली की फुलीवर येऊन बसतो.

बाबा कधी मागे येऊन उभे राहिले, कळलंच नाही.

“हा ठिपका काय आहे?”

“हा म्हणजे हात, बाबा. हात दांडीला जिथे नेईल तिथे हा जातो.”

“खरं दाखवतो?”

“अगदी केसाइतकं सुद्धा.” माझ्या जिभेला हाड नाही, आणखी काय? बोलून गेले.

ते ठिपक्याकडे वाकले. मग म्हणाले, “ऊठ. मला बसू दे.”

आई दारात आल्या होत्या. “अहो, कशाला?”

“मी त्या दिवशी हात सोडला होता का नाही, ते मला बघायचंय.”

“सोडला होता! स्प्रिंग ढिली होती. इतक्या लोकांनी सांगितलं ना? आणि आता कळून काय होणार आहे? पैलवान परत येणार आहे का?”

“तो गेलाय कुठे?” बाबा म्हणाले.

मी खुर्चीतून उठले. 

बाबा खुर्चीत बसले. दांडीवर त्यांनी उजवा हात ठेवला.  मग त्यांनी मला खिडकीपाशी उभं केलं. “मी पडद्याकडे बघणार नाही. केबिनमध्ये हाताकडे बघत नसतात, खुणेकडे बघतात. मी भारा खाली घेतो. तुला वाटेल तेव्हा मूठ वर कर. मी सोडीन. ठिपका कुठे आहे, तेवढं तू सांग.”

पडदा मी माझ्याकडे वळवून घेतला. बाबांनी दांडी हलकेच पुढे दाबली. ठिपका फुलीपासून वर सरकला. त्यांचे डोळे माझ्यावर होते. मी मूठ वर केली, आणि त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावरून निघून माझ्या डोक्याच्या वर हातभर जाऊन थांबली. मी ठेंगणी आहे. पैलवान उंच होता. मागे वळून बघायची माझी हिंमत झाली नाही.

“सोडला,” बाबा म्हणाले.

मी पडद्याकडे पाहिलं. ठिपका अर्ध्या वाटेवर आला होता, पण फुलीवर नव्हता. तिच्या जरा वर अडकला होता. बाबांचा हात दांडीवरच होता. बोटं सैल, मनगट सैल, पण तळव्याचा भार तसाच. क्रेनवाले दांड्यावरचा हात काढत नाहीत, नुसती पकड ढिली करतात, पुढची खूण लगेच येणार असते म्हणून. त्यांच्या मते हात सोडलेला होता. पण तो सुटला नव्हता.

“मधे आला?” त्यांनी विचारलं.

दारातून आई माझ्याकडे बघून जिवाच्या आकांताने मान हलवत होत्या. सांगू नकोस.

“मधोमध, बाबा,” मी म्हणाले.

“पुन्हा.”

पुन्हा मूठ, पुन्हा “सोडला”, पुन्हा तो ठिपका फुलीच्या वर लोंबकळत राहिलेला. “मधोमध,” मी म्हणाले. तिसऱ्यांदाही तेच. माझा आवाज मलाच खोटा वाटायला लागला.

“आता दाखव.”

“थांबा, जरा सेटिंग बघते,” असं म्हणून मी पडद्याच्या आड माउस घेतला. जॉयस्टिकला डेडझोन नावाची एक सोय असते. मधल्या थोड्या भागातली हालचाल मोजायचीच नाही, असं आपण ठरवू शकतो. हात थरथरणाऱ्यांना बरं पडतं. मी तो भाग मोठा केला. ठिपका टुणकन फुलीवर जाऊन बसला. मग पडदा त्यांच्याकडे फिरवला. “बघा. आता झोपा निवांत.”

बाबांनी बघितलं. त्यांचा चेहरा क्षणभर इतका मोकळा झाला की मला रडूच आलं. मग त्यांनी एका बोटाने दांडीला किंचित टोचलं. ठिपका हलला नाही. आणखी जरा टोचलं. नाहीच हलला.

“पोरी,” ते म्हणाले, “याला गुंगीचं औषध दिलंस का?”

मी माउस बाजूला सरकवला.

“होता तसा कर.”

“बाबा, राहू दे ना.”

“कर म्हणतो ना.”

मी केला. त्यांनी दांडी पुढे दाबली, या वेळी डोळे पडद्यावर ठेवून. मग पकड ढिली केली. ठिपका अर्ध्या वाटेवर आला आणि थांबला. त्यांनी तळवा उचलला. ठिपका फुलीवर. तळवा टेकवला. ठिपका वर. किती तरी वेळा त्यांनी तेच केलं.

“स्प्रिंग ढिली होती,” ते शेवटी म्हणाले. “ते खरंच आहे. पण ढिली स्प्रिंगसुद्धा रिकाम्या दांड्याला ओढून मधे आणते. तो रिकामा नव्हता.” ते खिडकीकडे बघत होते. “त्याने मूठ वर केली ना, तेव्हा तो जागचा हलला नाही. मी थांबणारच, याची त्याला खात्री होती.”

आई पदराने डोळे पुसत खाली बसल्या. मला वाटलं, आता बाबा कोसळतील. पण ते उठले, तोंड धुतलं, धुतलेला सदरा घातला.

“वहिनींकडे जाऊन येतो.”

“वेड लागलंय का तुम्हाला?” आई ओरडल्या. “त्या बिचारीने काय म्हणून ऐकायचं आता? झाकली मूठ राहू दे ना!”

“त्या दर आठवड्याला मला ‘या भाऊजी’ म्हणतात. चोरासारखं वाटतं मला.”

मी त्यांच्याबरोबर गेले. एकटं कसं सोडणार?

वहिनी कपड्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या. “नळ चालतोय की, भाऊजी. आज कसे आलात?” त्या हसून म्हणाल्या. माझ्यासाठी त्यांनी खुर्ची पुढे केली. बाबा बसले नाहीत. हात जोडून उभे राहिले आणि जसं होतं तसं सांगितलं. काही सावरून घेतलं नाही. स्प्रिंगचं नाव एकदाच घेतलं.

वहिनींनी हातातल्या टॉवेलची घडी पूर्ण केली. मग ती मोडली आणि पुन्हा घातली.

“इतकी वर्षं मी त्या मशीनला शिव्या घातल्या.”

“हो, वहिनी.”

“तुमच्यासमोर घातल्या.”

“हो.”

“तेव्हा का नाही बोललात?”

“तेव्हा नक्की माहीत नव्हतं,” बाबा म्हणाले. मग थांबले. “माहीत करून घेतलं नाही.”

“आणि आता मी काय करायचं याचं?”

 वहिनी उठल्या, दारापाशी गेल्या आणि दार पूर्ण उघडून धरलं. रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. “घरी जा,” एवढंच म्हणाल्या.

आम्ही बाहेर आलो. आमच्या मागे दार हळूच लागलं. बाबा जिन्याकडे वळले नाहीत, तिथेच दाराकडे तोंड करून ताठ उभे राहिले. मीही राहिले. आतून कडी सरकवल्याचा आवाज येईल, म्हणून आम्ही दोघं कान देऊन वाट बघत होतो. बराच वेळ झाला. कडीचा आवाज आला नाही, आणि वहिनींची पावलं दारापासून दूर गेल्याचाही आला नाही.