पुंजारामची साक्ष

आमच्या ख्रिस्ती मंडळीत पापी पुष्कळ होते, पण नामांकित पापी एकच, पुंजाराम. दर रविवारी साक्षीची सभा भरे. प्रभूने आपल्याला कशातून सोडवलं, ते ज्याने त्याने उभं राहून सांगायचं. लढाईमुळे रॉकेल मिळेनासं झालं तशी सभा रात्रीची दुपारवर आली, आणि पुंजारामचे अश्रू शेवटच्या रांगेपर्यंत दिसू लागले.

मी पेटी वाजवायचो, त्यामुळे त्याची साक्ष मला तोंडपाठ. आजारी पोराचं औषध आणायला तो नेवाशाला गेला, वाटेत गुत्त्यावर बसला, परतला तोवर पोर गेलं होतं. एवढंच खरं. पण एवढ्यावर लोक किती वर्षं रडणार? मग साक्षीत प्रवरेला पूर आला, तोही ऐन चैत्रात. पुढे पुढे पोर मरताना म्हणू लागलं, "बाबा, मी तुमाला क्षमा केली." पोर आठ महिन्यांचं होतं. बायाबापड्या हुंदके देत, मंडळीचे पंच त्याला मिठी मारत, आणि तिसगावच्या मंडळीचंही बोलावणं येई.

त्याची बायको छबूबाई बायकांत बसून हे सगळं ऐके. तिला कुणी जवळ घेतल्याचं मी कधी पाहिलं नाही. माझं डोकं फिरायचं, पण पेटीवाल्याला कोण विचारतो?

मग नवे पाळक, म्हणजे पाद्रीसाहेब, आले. साक्ष ऐकून त्यांनी विचारलं, "पुंजाराम, तुमची शिक्षा प्रभूनं भोगली, तुम्हाला मोकळं केलं. मग तुम्ही अजून गुन्हेगारासारखे का उभे?"

"साहेब, माजं पाप लई मोठं हाय," पुंजाराम छाती काढून म्हणाला. इतरांची किरकोळ पापं प्रभूने खुशाल धुवावीत, ह्याचं मात्र प्रभूलाही झेपणारं नव्हतं!

तेव्हा छबूबाई उठली. सभेत ती कधी बोलली नव्हती.

"अवो, पोराला बोलता येत न्हवतं," ती म्हणाली. "मी तुमाला त्याच साली माफ केलं. देवानं तर त्याच्याबी आदी. पन तुमी कुनाचीच माफी घेतली न्हाई. मला माज्या पोरासाटी रडायचंय. तुमच्यासाटी रडून लई झालं."

पंच घसा खाकरू लागले. पुंजारामने सवयीने डोळे पुसले, पण ते कोरडेच होते.

"खरंच माफ केलंस?" त्याने विचारलं.

"व्हय. कवाच."

"मग आता म्या काय सांगू?"

"त्याचं नाव सांगा. इतक्या वर्सांत एकदाबी घेतलं न्हाई."

 पुंजाराम म्हणाला, "शमुवेल." आवाज इतका बारीक, की पुढे पेटीशी बसलेल्या मलाही जेमतेम ऐकू आलं. पुरुषांची बाजू सोडून तो बायकांत गेला आणि छबूबाईजवळ जमिनीवर बसला. तिने थोडं सरकून त्याला जागा दिली, आणि मग दोघं रडू लागली.