नव्या घरात माझा आवाज हरवला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना स्पीकर. लोअर परळच्या गिरणीत वायरमन असलेल्या बाबुरावांनी सागवानी फळ्या जोडून माझी पेटी स्वतः बनवली. नायगावच्या चाळीतल्या एका खोलीत मी तीस वर्षं गायलो. गाद्या, कपडे आणि माणसांनी ती खोली गच्च भरलेली असे, आणि माझा शब्द न् शब्द सगळ्यांना कळे.

मग चाळ पाडली आणि आम्ही टॉवरमध्ये राहायला आलो. केवढा आनंद! पण मी गायला लागलो आणि माझाच आवाज मला ओळखू येईना. कोऱ्या भिंती, गुळगुळीत फरशी. ढोलकी नुसती घुमायची, शब्द एकमेकांवर आदळायचे.

"काय गातात, कायच कळंना," बाबुरावांच्या पत्नी सुंदराबाई म्हणाल्या. रविवारी त्यांच्या महिला मंडळातल्या जुन्या मैत्रिणी येणार होत्या, चाळीत सगळ्यांनी मिळून गाऊन टेप केलेली भीमगीतं ऐकायला.

"म्हातारा झाला हा," बाबुराव म्हणाले. "भंगारात देऊ."

मी हादरलो! पण त्यांची नात दीपिका एका स्टुडिओत रेकॉर्डिंगचं काम करते. ती म्हणाली, "आजोबा, थांबा. आधी खोली मोजू."

"ताबा घेताना मोजली की!"

"फुटांत नाही हो, आवाजात."

तिने सोफ्यापाशी, कानाच्या उंचीवर, एक बारीक माईक उभा केला. तिने माझ्यातून चाचणीचा एक सूर वाजवला. मी खोल घुमण्यापासून शिट्टीपर्यंत चढत गेलो, आणि लॅपटॉपवर आवाजाच्या चढउताराची रेघ उमटली.

"हा डोंगर बघा! कोपऱ्यात ठेवलाय म्हणून घुमतोय. स्पीकर ठणठणीत आहे."

बाबुरावांनी लगेच मला दोन हात पुढे ओढलं. पुन्हा मोजलं, तर डोंगराची टेकडी झाली! मग दीपिकाने टाळी वाजवली. समोरच्या भिंतीने ती खणखणत परत केली. सुंदराबाईंनी तिथे जाडजूड गोधड्या टांगल्या, खाली सतरंजी अंथरली. आता टाळी एकदाच वाजली.

रविवारी सात जणी आल्या. गाणं सुरू झालं आणि सुंदराबाई ओरडल्या, "थांबव, थांबव! परत लाव. ही आपली मनू!"

मंडळातली त्यांची मैत्रीण मनू चार वर्षांपूर्वी गेली होती. तिचा आवाज दुसऱ्या ओळीवर लख्ख वर चढला. सातही जणी डोळे पुसत तिच्यासोबत गाऊ लागल्या, आणि मी तर आनंदाने थरथरत होतो!

मित्रांनो, घरातली वस्तू किंवा माणूस नीट बोलेनासं झालं, तर म्हातारं म्हणून मोकळे होऊ नका. त्याला कुठल्या कोपऱ्यात बसवलंय, ते आधी बघा.