दोन विती दोन बोटांची फळी

माझा उजवा खांदा संपावर गेला, तिथून हे सगळं सुरू झालं. वल्हं मारलं की खांद्यातून असा करकर आवाज निघायचा, की लांबच्या होडीतले लोक ओरडून विचारायचे, "काय मोडलं?" दोन महिने होडी काठावर पडून होती आणि मी घरात. बायकोला त्यातलं दुसरं जास्त जड गेलं.

"हे बघा," ती म्हणाली, "तो हॉटेलवाला परत येऊन गेला. होडी दारात ठेवून तिच्यात फुलझाडं लावायची म्हणतो. शनिवारपर्यंत पाण्यात चालवून दाखवा, नाहीतर मी त्याला हो म्हणते."

जिच्यात बसून मी पस्तीस वर्षं मासे आणले, तिच्यात गुलाब! मी तडक उठलो आणि मेकॅनिककडचं जुनं इंजिन ठरवून आलो. होडीच्या मागच्या फळीवर लटकवतात ना, तसलं. फळीची उंची मात्र इंजिनाच्या लांब पायाशी जुळायला हवी. फळी उंच राहिली तर पंखा हवा घुसळत बसतो, बुटकी झाली तर पाणी आत.

"काका, माप नीट घ्या," मेकॅनिक टेप पुढे करत म्हणाला.

"ठेव तो," मी म्हणालो आणि इंजिनाच्या पायावर हात टेकवला. दोन विती, दोन बोटं.

टेपशी आमच्या घराचं कधी जमलंच नाही. माझा मेहुणा सुतार. या काठावरच्या निम्म्या होड्या त्याने विती मोजून बांधल्यात. "टेप ढिला पडतो, दाजी. हात ढिला पडत नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. तर मी त्याला निरोप धाडला, 'दोन विती, दोन बोटं.' त्याने जीभ दातात धरून फळीवर स्वतःचा हात ठेवला आणि करवत चालवली.

आता माझा हात जाळी ओढून ओढून असा झालाय, की जेवणाचं ताट त्याच्याखाली झाकून जातं. आणि मेहुण्याचा? थंडीत तो लहान मुलांचे हातमोजे आणतो. त्याच्या स्वतःच्या होड्यांना याने काही फरक पडला नाही, कारण त्यांची फळी न् फळी त्याच एका हाताने मोजलेली. इंजिन मात्र कारखान्यातून आलेलं.

गुरुवारी होडी पाण्यात ढकलली. फळी इतकी बुटकी झालेली, की इंजिनासाठी कापलेल्या खाचेतून धो धो पाणी आत. दोन मासे आले, त्यांनी परिस्थिती बघितली आणि आल्या वाटेने परत गेले.

"माप तुम्ही दिलंत, दाजी!"

"हात तुझा होता!"

"मग निरोपाबरोबर हातही पाठवायचा होता!"

बायकोने शिवणयंत्राच्या खणातून टेप आणून त्याच्यापुढे आपटला. त्याने तो दोन बोटांनी उचलून तिला परत दिला. "ताई, हा कपड्यांचा आहे. लाकडाला अपमान वाटतो."

शुक्रवारचा सगळा दिवस माझा डावा हात त्या फळीवर. त्याने वरून नवा तुकडा बसवला, आतून जाड प्लायवूड चढवलं, चार लांब बोल्ट आरपार पिळले, आणि दर खेपेला हाक, "दाजी, हात!" चहाला जाताना बजावून गेला, "हलवू नका, माप बिघडेल." नाकावर माशी बसली. तिचं सगळं आटपेपर्यंत मी थांबलो.

शनिवारी फळी बरोबर बसली, हे कबूल करायला हवं. दोरी सतरा वेळा ओढली, अठराव्या वेळी इंजिन धडधडलं. आणि होडीने नाक वर केलं! मागे इंजिन, मागेच मी, पुढे कोणीच नाही. मला समोर फक्त ढग दिसत होते. एक बगळा नाकावर बसायला आला, तो घसरत थेट माझ्या मांडीत.

"दाजी, पुढे सरका!" मेहुणा धक्क्यावरून ओरडला.

"मी पुढे सरकलो तर मागे इंजिन कोण धरेल, तुझा बाप?"

"बापाला मध्ये आणू नका!" बायको कडाडली. बाप तिचाही होता, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. तिच्या शेजारी हॉटेलवाला उभा. कुंड्या कुठे कुठे बसतील ते डोळ्यांनी मोजत होता.

काठाला येऊन नाकाशी वाळूच्या गोण्या ठेवल्या. निघालो तशा त्या उतारावरून घसरत माझ्या पायांवर. परत काठाला. गोण्या उचलून परत पुढे. परत पायांवर. हॉटेलवाला गालात हसला, आणि तिथे बायकोचा संयम संपला. माझ्यावरचा नव्हे, त्याच्यावरचा.

"काढा त्या गोण्या," म्हणत ती चपला हातात घेऊन होडीत चढली आणि नाकाशी जाऊन ठाण मांडून बसली. होडी शहाण्यासारखी खाली आली, आणि दोरीत निघावी तशी सरळ निघाली.

"वहिनी," हॉटेलवाल्याने हाक मारली, "मग मी ट्रक कधी पाठवू?"

"डोळे आहेत ना तुम्हाला? चालतेय ती!"

होडी वाचली. पण आता रोज पहाटे आम्ही दोघं निघतो, कारण ती नसली की होडी आभाळात बघते. बरं, ती बसते तीही माझ्याकडे तोंड करून.

"अहो, समोर बघून चालवा."

"समोर तू आहेस."

"मग माझ्याकडे बघा! आणि डावीकडे घ्या, किती वेळा सांगायचं?"