दुमडीतला रंग

“ताई, रंग तुम्हीच पसंत केला होता,” पडद्यांच्या दुकानातले काका म्हणाले. सुईताईनं परत आणलेल्या पडद्याशेजारी त्यांनी उशीचा जुना अभ्रा पसरला. “बघा की, सुताचाही फरक नाही.”

फरक नव्हताच. दोन्ही सारखेच फिकट, मळकट गुलाबी.

“हा लावला तर आई म्हणाली, हे कोणाचं घर आहे? आणि चपला शोधायला लागली,” सुईताई म्हणाली.

काकांनी पडदा पुन्हा उजेडात धरून पाहिला.

सुईताई घरोघरी जाऊन तपासणीसाठी रक्त घ्यायची, म्हणून तिला पडलेलं हे नाव. लग्न केलं नाही म्हणण्यापेक्षा राहून गेलं, असंच म्हणायला हवं. घरात ती आणि आई. आईला विसरायचा आजार जडला होता. संध्याकाळ झाली की “मला घरी जायचंय” सुरू व्हायचं. आणि ते घर म्हणजे आईचं लहानपणीचं. ते पाडून तिथे कधीच गाड्या उभ्या करायची जागा झाली होती. मागच्या महिन्यात आई हमरस्त्याच्या मधोमध सापडली, अनवाणी. त्यावर धाकटा भाऊ येऊन ठणकावून गेला होता, “एक तारखेला तिला अशा रुग्णांच्या केंद्रात नेऊन ठेवणार. नाहीतर एक दिवस पोलिसांचा फोन येईल.” तो चुकीचं बोलत नव्हता. म्हणून तर सुईताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आई घरी जात नाही, तर घरच इथे आणू, असं तिनं ठरवलं. त्या घराच्या एका जुन्या फोटोवरून तिनं फ्लॅटचा दिवाणखाना पार बदलला. भिंतीवर दिव्यांची जुनी काळी गोल बटणं, पिवळे दिवे, लाकडी हातांच्या खुर्च्या, पडद्यांना पितळी कड्या. “सिनेमा काढतेयस का?” धाकट्यानं विचारलं होतं. “हो, तिकीट काढून ये,” असं ती म्हणाली खरी, पण मनातून तिची पाचावर धारण बसली होती. राहिले होते ते पडदे. फोटो काळापांढरा. मूळच्या पडद्याचा एकच तुकडा उरला होता, आजीनं त्याचा शिवलेला हा अभ्रा. त्यावरूनच तर कापड जुळवलं होतं.

“दुसरं दाखवू का?” काकांनी विचारलं. “फुलाफुलांचं आहे, जुन्या पद्धतीचं.”

“जुन्या पद्धतीचं नकोय हो! तेच हवंय.” ती एवढ्या जोरात ओरडली की शेजारचं गिऱ्हाईक वळून बघू लागलं. “उद्या एक तारीख आहे, काका.”

तिनं अभ्रा मुठीत चुरगाळला. बोटांना कडेची जाड दुमड लागली. आजीनं पडद्याची खालची दुमड न उसवता तशीच ठेवून अभ्रा शिवला होता. सुईताई थबकली.

“कात्री द्या.”

टाके तटातट तुटले. दुमड उलगडली. आत गडद डाळिंबी रंग होता, जणू कालच दुकानातून आणलेला.

“अरे देवा,” काका म्हणाले, “आपण विटलेल्या कापडाला रंग जुळवला.”

“आई लहान होती तेव्हा पडदा नवा होता, काका. मी तिला म्हातारा पडदा दाखवत बसले.”

डाळिंबी कापड वरच्या फळीवर निघालं. ते संध्याकाळच्या आत शिवून हवं, असं म्हटल्यावर काकांनी डोक्याला हात लावला. “अस्तर, चुण्या... वेड लागलंय का पोरी तुला?”

“अस्तर नको. चुण्या नकोत. नुसत्या कडा मारून द्या. हात जोडते तुमच्यापुढे.” आणि तिनं खरोखरच हात जोडले. काका स्वतः मशीनवर बसले.

ऊन कलताना पडदे लागले. खोलीभर लालसर उजेड पसरला. आईजवळ बसलेल्या शेजारच्या वहिनी दूध आणायला खाली गेल्या, तोवर आई चपला हातात घेऊन आतल्या खोलीतून बाहेर आली आणि जागच्या जागी उभी राहिली. मग तिनं चपला भिंतीशी नीट जोडून ठेवल्या. पडद्याला गाल लावला. पडद्यामागे गेली, डोकं बाहेर काढून खुदकन हसली आणि खुर्चीत जाऊन बसली.

सुईताईनं बाल्कनीत जाऊन भावाला फोन लावला. “उद्या येऊ नकोस. ती घरी आलीय.”

“खरंच?”

“खरंच रे.” बोलता बोलता तिला रडू फुटलं. इतका आनंद सोसायची सवयच मोडली होती. डोळे पुसून ती आत आली. “आई, चहा टाकू?”

आईनं तिच्याकडे पाहिलं, मुलं परक्या माणसाकडे बघतात तसं. “आई घरी नाहीये. येईलच आता.”

“अगं, मी...”

“पडदे छान लावलेत तुम्ही. पण आता जा ना. घरात एकटी असताना कोणाला बसवून घ्यायचं नाही, असं आईनं सांगितलंय.”

“मी दाराशी थांबू का? थोडाच वेळ?”

“नको ना...” आईचा ओठ थरथरला. ती घाबरली होती, आणि घाबरली होती ती सुईताईलाच.

“बरं बरं, निघाले मी,” सुईताई घाईनं म्हणाली. “कडी लावून घे हं, बाळा.”

ती जिन्यात आली. मागे कडी सरकल्याचा आवाज झाला. आजार झाल्यापासून आईनं दार आतून लावून घ्यायची ही पहिलीच वेळ.

दूध घेऊन वहिनी वर आल्या तर सुईताई पायरीवर बसलेली. त्या दचकल्या. “काय गं, पुन्हा गेल्या का कुठे?”

“नाही वहिनी, घरीच आहे ती,” सुईताई म्हणाली आणि भिंतीकडे सरकून तिनं त्यांना वर जायला वाट करून दिली.